कुंचीचे बंद

मी कुंची बोलतेय. हो, तीच. तान्ह्या पोरांचं डोकं, कान आणि पाठ एकदम झाकणारी. सध्या मुक्काम चेन्नईत, तिसऱ्या मजल्यावरच्या एका फ्लॅटमध्ये, कपाटाच्या वरच्या फळीवर. इथं बारा महिने उकडतं, त्यामुळे मला कुणी विचारत नाही. त्याबद्दल माझी तक्रारही नाही. पण माझ्यावरून या घरात एक गोष्ट सांगितली जायची, ‘पोरगी धीराची, विमानात कडूजहर गोंडा चोखला पण रडली नाही,’ आणि ती धडधडीत खोटी होती. म्हणून म्हटलं, एकदा नीट सांगून टाकावं.

माझा जन्म तळेगाव दाभाड्यातला, सुमनताईच्या शिलाई मशीनवरचा. बारशाला कुंची आत्यानं आणायची, ही रीत. सुमनताई ही आर्वीची आत्या, आणि आर्वी म्हणजे जिच्यासाठी मला शिवली ती पोरगी. दुकानातून तयार कुंची आणून मोकळी होणारी ती बाई नव्हे. तिनं माहेराहून, निघोज्याहून, आपल्या आईचं, चिमाबाईचं, एक जुनं इरकली लुगडं मागून आणलं. धुऊन धुऊन ते लोण्यासारखं मऊ झालेलं. त्याची मला बेतली, आतून मलमलचं अस्तर लावलं. शिवणीत दोन बोटं जादा कापड दुमडून ठेवलं, म्हणजे पोर वाढेल तसं उसवून मला मोठं करता यावं. गळ्याशी बांधायला दोन लांब बंद आणि बंदांच्या टोकाला सुती गोंडे. गोंडे काही गरजेचे नव्हते. पण आत्या म्हटलं की हौस आलीच.

बारशाला मला आर्वीच्या डोक्यावर बांधली. पाहुण्या बायका आळीपाळीनं माझा काठ चिमटीत धरून म्हणाल्या, “अगं बाई, इरकल!” माणसं बाळ बघायला येतात आणि कापड बघून जातात, हे मला त्या दिवशी कळलं.

सहाव्या महिन्यात आर्वीला माझ्या गोंड्याचा शोध लागला. डोक्यावर मी असो, नाहीतर पाळण्यात असो, गोंडा तिच्या तोंडात. चिमाबाईला ते बघवेना. “दात फुडं येत्याल की गं, भवाने!” असं म्हणून ती कडुलिंबाचा पाला वाटायची आणि रस माझ्या दोन्ही गोंड्यांना चोळायची. पोरगी गोंडा तोंडात घालायची, थू थू करायची, रडायची. आठ दिवसांनी कडूपणा उतरला की पुन्हा चोखायची, आणि चिमाबाई पुन्हा पाटावरवंटा काढायची. आजी आणि नातीचा हा सामना दीड वर्ष चालला. दोघींपैकी कुणी हार मानली नाही. पुढं पुढं आर्वी हुशार झाली. आधी जिभेचं टोक लावून बघायची आणि मगच ठरवायची.

आर्वी दीड वर्षाची असताना तिचा बाप, समाधान, चेन्नईला गेला. चाकणच्या कंपनीनं तिकडं नवा प्लँट काढला होता. सहा महिन्यांत परत येतो म्हणाला होता, पण सहा महिने संपता संपता कंपनीनं मुक्काम आणखी दोन वर्षं वाढवला. आर्वीला तो रोज संध्याकाळी फोनवर दिसायचा. हळूहळू तिचा असा समज झाला की फोन म्हणजेच पप्पा. फोन चार्जिंगला लावला की ती त्याच्यावर मला पांघरायची. घरातले हसायचे. तिची आई, विजयश्री, हसायची नाही. एके दिवशी ती सासूला स्पष्टच म्हणाली, “आई, आम्ही दोघी तिकडं राहायला जातो. पोरगी बापाला ओळखेनाशी झालीय.”

चिमाबाई काही दुष्ट सासू नव्हे. पण मागच्या थंडीत आर्वीचा कान फुटला होता. पू यायचा, पोर तळमळायची, आणि सलग तीन दिवस चिमाबाई तिला मांडीवरून खाली ठेवत नव्हती. मी तेव्हा आर्वीच्या डोक्यावरच होते. म्हातारी रात्रभर पोरीच्या कानावर तळहात धरून कशी बसायची ते मी अगदी जवळून पाहिलंय. त्यातून तिला कुणीतरी सांगितलेलं की विमानात मोठ्या माणसांचेसुद्धा कान ठणकतात.

“फुटल्याला कान घिऊन आभाळात जाती व्हय? वारं शिरलं म्हंजी?”

“विमानाच्या खिडक्या बंद असतात, आई. डॉक्टरांनी कान तपासला, आता अगदी बरा आहे म्हणाले. फक्त विमान चढताना आणि उतरताना तिला काहीतरी चोखायला, प्यायला द्या म्हणाले. गिळत राहिलं की कान मोकळा होतो. आणि उतरताना झोपू द्यायचं नाही.”

“गिळायचं तोंडानं अन् मोकळा व्हनार कान! कान कुटं, तोंड कुटं! तुज्या डागतराला काय कळतंय?”

शेवटी चिमाबाईनं समाधानला फोनवर घेतलं आणि आपली अट सांगितली. “जाऊ दे दोघींनला. पर पोरीनं कानापायी हंबरडा फोडला, तर पयल्या रेल्वेनं तिला माघारी आणून सोडायची. तुजी दोन वर्सं हुईस्तवर मी सांभाळीन.” समाधान “बरं आई” म्हणाला. आईला बरं म्हणायचं आणि बायकोला नंतर बघू म्हणायचं, अशी त्याची जुनी पद्धत. विजयश्रीला कुणी विचारलंच नाही. पण ती शब्दाची पक्की. तिनं ती अट मनाला लावून घेतली. दोन तासांच्या प्रवासावर तिच्या लेकराची दोन वर्षं टांगली होती.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी विजयश्री नाकात घालायचे थेंब आणायला चाकणला गेली, तेव्हा चिमाबाईनं मला धुवायला घेतलं. साबण लावून दोनदा, गोंडे तर तीनदा. मग उन्हात टाकलं. संध्याकाळी विजयश्रीनं घडी घालताना बंद हातात धरले. “आई, बंद कडक कसे लागतायत? खळ घातली का?”

“व्हय, खळ घातलिया. परगावी जायाचं तर नीटनेटकं नगं?” असं म्हणून चिमाबाई भाकरी थापायला गेली.

सकाळी ओटी भरली. घरातून लांबच्या गावाला निघालेल्या सुनेची ओटी भरल्याशिवाय तिला उंबरा ओलांडू द्यायचा नाही, हा चिमाबाईचा कायदा. तांदूळ, खण, हळदकुंकू आणि भलामोठा नारळ. दोघींच्या हातावर दहीसाखर ठेवली. मग आर्वीच्या दोन्ही कानांत कापूस कोंबला आणि वरून मला घट्ट बांधलं. “उतरंस्तवर सोडू नगंस,” असं सुनेला बजावलं. निरोप देताना ती रडली नाही. पोरीचे मात्र इतके मुके घेतले की माझ्या काठाला कुंकू लागलं. ते अजून आहे.

आता नारळाचं ऐका. ओटीचा नारळ मोठ्या बॅगेत चपलांच्या शेजारी कसा ठेवायचा? विजयश्रीनं तो हातातल्या पिशवीत घेतला, आर्वीच्या पाण्याच्या बाटलीशेजारी आणि मनुकांच्या डबीशेजारी. विमानतळावर तपासणीत पिशवी बाजूला काढली गेली.

“ताई, नारळ आत नेता येत नाही,” तपासणीवरची बाई म्हणाली.

“अहो, ओटीचा आहे. सासूबाईंनी दिलाय.”

“ओटीचा असला तरी नारळ तो नारळच, ताई.”

“मग टाकू कुठं? ओटीचा नारळ टाकतात का कुठं?”

मागे रांग खोळंबली. कुणीतरी “चलो, चलो” करायला लागलं. त्या बाईलाही आई असावी, सासू असावी. तिनं आवाज खाली आणला. “द्या इकडं. ड्यूटी संपली की देवळात ठेवते.” विजयश्रीनं नारळाला कपाळ लावलं, तिच्या हातात दिला, आर्वीला कडेवर घेतलं आणि झपाझप चालू लागली. पाण्याची बाटली आणि मनुकांची डबी तिथंच ट्रेमध्ये राहिली. मला दिसत होतं. पण मला कोण विचारतो?

विमान धावायला लागलं तेव्हा विजयश्रीनं पिशवीत हात घातला. खण हाताला लागला, तांदळाची पुडी लागली, नाकाचे थेंब लागले. बाटली नाही. तिनं पिशवी मांडीवर उपडी केली. तिच्या चेहऱ्याचा रंगच उतरला. पट्टे बांधलेले, हवाई सुंदरीही आपल्या जागेवर पट्टा बांधून बसलेली. तिनं लांबूनच सांगितलं, “मॅडम, बच्ची को कुछ पिला दीजिए.” सल्ला बिनचूक होता. पाजायला काही नव्हतं, एवढंच.

विमानानं नाक वर केलं आणि आर्वी कळवळली. दोन्ही हात कानांवर. पहिलं रडणं, दुसरं रडणं. पुढच्या सीटवरचा माणूस वळून बघायला लागला. विजयश्री पोरीला थोपटत स्वतःच रडकुंडीला आली. “नको गं बाळा, रडू नको, मी तुला सोडून नाही राहायची गं.” पोरीला यातलं काय कळणार? तिचा कान दुखत होता. शेवटी विजयश्रीनं सासूची आज्ञा मोडली. माझी गाठ सोडली, कापूस काढून फेकला आणि मला पोरीच्या मांडीवर टाकलं.

माझं काम कान सांभाळायचं, आणि ऐन वेळी मला कानांवरूनच उतरवली. खरं सांगते, मला वाईट वाटलं.

तेवढ्यात आर्वीच्या हाताला डावा गोंडा लागला. हुंदके देत देत तिनं सवयीप्रमाणे आधी जिभेचं टोक लावलं. थांबली. माझ्याकडे बघितलं. पुन्हा टोक लावलं. आणि मग अख्खा गोंडा तोंडात घालून असा काही चोखायला लागली की विचारू नका. चोखायची आणि गिळायची. चार-पाच घुटक्यांनंतर तिचा एक हात कानावरून खाली आला. मग दुसरा. अर्ध्या वाटेवर ती झोपली. विमान उतरायला लागल्यावर विजयश्रीनं तिला हलवून जागं केलं आणि या खेपेला स्वतःच्या हातानं तोच गोंडा तिच्या तोंडात दिला. ती कुरकुरली, पण रडली नाही. चेन्नई आली.

बाहेर समाधान उभा होता. आर्वीनं त्याच्याकडे नीट बघितलं आणि आईच्या पर्सकडे हात केला. तिला फोन हवा होता, पप्पाला बोलावायला. समाधान तिथंच, लोकांच्या पायांत, खाली बसला. “अगं, मीच तो,” म्हणाला. ओळख पटायला तिला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी तिनं झोपलेल्या बापाच्या डोक्यावर मला पांघरलं.

पोहोचल्यावर लगेच विजयश्रीनं निघोज्याला फोन लावला होता. ती सरळ म्हणाली, “थोडी रडली, आई. हंबरडा नाही. मग गोंडा चोखत बसली. कडू लागला असेल, पण सोडला नाही.”

“आसं व्हय,” चिमाबाई म्हणाली. “ऱ्हाऊ द्या मग तिला तिकडंच.” आणि फोन ठेवला. धीराच्या पोरीची गोष्ट तिथून सुरू झाली.

आठवड्यानं विजयश्रीनं कपाट उघडलं तर खिडकीपासून माझ्यापर्यंत मुंग्यांची रांग. सगळ्या माझ्या उजव्या गोंड्यावर, जो आर्वीनं चोखला नव्हता त्यावर. तिनं मला झटकलं, बादलीत टाकायला निघाली आणि मध्येच थबकली. बंद बोटांत दाबला. कडक होता, वर जरासा चिकट. तिनं लेकीसारखंच आधी जिभेचं टोक लावलं. मग खाली फरशीवर बसली आणि सासूला फोन केला.

“आई, त्या दिवशी खळ कसली घातली होती?”

“कसली म्हंजी? खळीसारखी खळ.”

“तिला मुंग्या लागल्यात.”

खरं काय ते मी सांगते. त्या दुपारी मोरीत मी होते, म्हणून मला माहीत आहे. तीनदा धुतलेले गोंडे नाकाला लावून कडुलिंबाचा वास राहिला नाही ना, हे चिमाबाईनं बघितलं होतं. मग साखरेच्या पाण्यात बंद बुडवले, वाळवले, पुन्हा बुडवले. सूनबाई यायच्या आत पातेलं घासून पालथं घातलं होतं.

“डागतर म्हनला हुता न्हवं, चोखाया काय तरी द्या म्हून,” ती शेवटी बोलली. “तू इसरभोळी. बाटली तू कुटं तरी ठिवनार, मला ठावं हुतं.”

“पण आई, ती रडली असती तर तुमच्याकडं राहिली असती की. दोन वर्षं.”

“ऱ्हायली आसती,” चिमाबाई म्हणाली. “म्हून काय पोरीचा कान दुखवू व्हय मी?”

विजयश्रीनं फोन कानाला तसाच धरला. तिनं माझ्यातच तोंड खुपसलं. मग म्हणाली, “आई, तुम्हीच या इकडं. विमानानं. हे आणायला येतील.”

“अन् माजं कान?”

“कुंची पाठवते.”

“ह्या टकुऱ्यात ती एवढुशी कुंची मावंल व्हय गं?” चिमाबाई हसली. ती खूप दिवसांनी हसली होती.

मावणार नाही, हे खरंच आहे. शिवणीतलं जादा कापड सगळं उसवलं तरी नाही. पण मी मूळची तिचंच लुगडं. परत तिच्याकडे जायला मला कुणाची परवानगी नको. पुढच्या महिन्यात समाधान निघेल, त्याच्या बॅगेत मला ठेवायचं ठरलंय. विजयश्रीनं मला धुतलेलं नाही. मुंग्या लागू नयेत म्हणून उजवा गोंडा प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून रबर लावलाय.

तेव्हा एक विनंती. पुण्याहून निघालेल्या विमानात एखादी म्हातारी डोक्यावरचा पदर सावरत कुंचीचा गोंडा चोखताना दिसली, तर हसू नका. घाबरलेली असेल. तिला एवढंच सांगा, आजी, उजवा धरा, डावा नातीनं संपवलाय.