लेबलाखालची ओळ

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. थेंबबाबांनी पाणी घातलेल्या कोमट दुधाच्या पेल्यात इवल्याशा कुपीतले दहा थेंब टाकले, तासभर प्रवचन झोडलं आणि पेला उंचावला. दुधाचा पांढरा रंग गायब! लोकांनी आ वासला.

"आज दूध विरघळलं, तशीच तुमची गाठ विरघळेल!" बाबा गरजले. "हा झाडपाला नव्हे. बड्या प्रयोगशाळेचं औषध, वर माझी बारा वर्षांची साधना! लेबल वाचा. 'मानवी'! म्हणजे खास माणसांसाठी!"

'मानवी' हा शब्द ऐकून तिसऱ्या रांगेतली एक तरुणी दचकली. ती प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होती आणि शेजारी बसलेल्या वहिनीच्या छातीत गाठ होती. इस्पितळातली इंजेक्शनं सोडून वहिनी तीन महिने हेच थेंब घेत होती, आणि ते हिला आजच कळत होतं.

घरी आल्यावर तिने वहिनीची कुपी मागून घेतली. बाबांच्या फोटोचं स्टिकर नखाने खरवडलं. खाली ओळ होती: फक्त संशोधनासाठी, माणसांवर वापरू नये. झाकणावर पेनाने तारीख लिहिलेली होती. अक्षर तिचंच होतं.

"दादा," तिने भावाला सांगितलं, "ही कुपी मीच प्रयोगशाळेच्या कचऱ्यात टाकली होती. रिकामी. लेबल फाडायला हवं होतं, मी आळस केला."

"पण त्यावर मानवी लिहिलंय ना?" दादा हट्टाने म्हणाला.

"अरे, आपल्या रोगप्रतिकारक पेशींत प्रथिनं कापणारी एक कात्री, म्हणजे एन्झाइम, असते. तिचा आराखडा जीवाणूंत घालून त्यांच्याकडून ती बनवून घेतात, म्हणून मानवी. आम्ही ती फक्त नळीत तपासतो. आणि यात तर तीही नाही. वास घेऊन बघ."

दादाने वास घेतला आणि मोरीतल्या कपड्यांच्या पावडरीकडे पाहिलं.

तिने दोन पेल्यांत कोमट पातळ दूध ओतलं. एकात बाबांचे थेंब टाकले, दुसऱ्यात पावडरीचं पाणी. तासाभरात दोन्ही पेले निवळले.

"डाग काढायला या पावडरीतही तसलीच कात्री घालतात. दुधातली प्रथिनं कापली की पांढरेपणा जातो."

"म्हणजे मी तीन महिने साबणाचं पाणी प्यायले?" वहिनीने विचारलं. "गाठ किती वाढली असेल गं?"

"तपासल्यावरच कळेल. तुझ्याशी खोटं बोलणार नाही."

गाठ काखेपर्यंत पोचली होती. डॉक्टर रागावलेसुद्धा नाहीत, आणि त्याचंच वहिनीला जास्त भय वाटलं.

पुढच्या सभेला वहिनी स्वतः उभी राहिली. पुन्हा सुरू केलेल्या इंजेक्शनांनी डोक्यावरचे केस गेले होते. नणंदेने पावडरीच्या पाण्याने निवळलेला पेला सगळ्यांना दाखवला, तेव्हा बाबा मागच्या दाराकडे सरकू लागले होते.

"दूध निवळताना मीही पाहिलंय," वहिनी म्हणाली. "डोळ्यांनी पाहिलं ते खरंच होतं. पण माझ्या छातीत दूध नव्हतं हो, गाठ होती. बरी झालेली एक तरी गाठ दाखवा, एवढंच मी विचारायला हवं होतं. माझं विचारायचं राहून गेलं. तुम्ही आत्ता विचारा."