सांधा हलला नाही

त्या दिवशी कंट्रोल रूममध्ये तिचं खरं तर फारसं काम नव्हतं. एका सिग्नलचा दिवा पडद्यावर मध्येच मिणमिणतो अशी तक्रार होती, तेवढं बघायला ती आली होती. ती सिग्नलची अभियंता. या लाइनवरची सगळी यंत्रणा तिच्याच देखरेखीखाली बसली होती, त्यामुळे कुठे जरा खुट्ट झालं की आधी तिलाच बोलावणं यायचं. बोलावणारे असायचे मास्तर, म्हणजे तिथले मुख्य नियंत्रक. शाळेत त्यांनी कधी एक तासही घेतला नव्हता. पण समोरच्याला समजलं की नाही हे विचारल्याशिवाय ते वाक्य संपवत नसत, म्हणून हे नाव पडलं होतं.

समोर भिंतभर पडदा होता आणि त्यावर चढणीची ती लाइन रेषेसारखी आखलेली. खालच्या टोकाला जंक्शन, वरच्या टोकाला दगडाची खाण, मध्ये एक लहान स्टेशन. गाडी जिथे असेल तेवढा रेषेचा तुकडा लाल व्हायचा. पूर्वी त्या मधल्या स्टेशनावर केबिन होती आणि केबिनमध्ये माणूस असायचा. आता तिथे तिकिटाचं मशीन होतं आणि सिग्नलच्या कपाटांची एक कुलूपबंद खोली. गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे सांधे इथून, या टेबलावरून फिरवायचे.

खालून आलेली पॅसेंजर त्या स्टेशनात उभी होती. पुढचा सिग्नल तिला मिळालेला होता. रेडिओवर ड्रायव्हर म्हणाला, "मास्तर, हिरवा मिळाला. एक लग्नाचं वऱ्हाड चढतंय असं वाटतंय, एवढं सामान आहे. आटपलं की निघतो."

या ड्रायव्हरला सगळे भोंगा म्हणायचे. दर वळणावर लांबलचक हॉर्न देण्याची त्याची खोड होती आणि त्याबद्दल त्यानं कितीदा तरी बोलणी खाल्ली होती.

मास्तर हसून काही म्हणणार, तेवढ्यात खाणीचा फोन वाजला. तिथला शंटिंगवाला, म्हणजे डबे जोडणारा-सोडणारा, बोलत होता, आणि त्याचा आवाज इतका खाली गेला होता की मास्तरांना दोनदा विचारावं लागलं.

"वाघिणी सुटल्या, साहेब. दगडानं भरलेले मालडबे. इंजिन बदलत होतो, ब्रेक धरला नाही."

"किती?"

"सगळ्या."

मास्तरांनी फोन ठेवायच्या आत पडद्यावर रेषेचा सगळ्यात वरचा तुकडा लाल झाला. त्याच क्षणी पॅसेंजरपुढचा हिरवा सिग्नल आपोआप लाल पडला. यंत्रणेनं आपलं काम चोख केलं होतं.

"भोंग्या, निघू नकोस. सिग्नल लाल आहे," मास्तर रेडिओत म्हणाले.

"दिसला. उभाच आहे मी. काय झालं?"

मास्तर माऊसकडे वळले होते. स्टेशनाच्या वरच्या तोंडाशी एक आखूड रूळ फुटत होता आणि वाळूच्या ढिगाऱ्यात जाऊन संपत होता. सुटलेले डबे त्यात जाऊन रुतावेत, एवढ्यासाठीच तो टाकलेला होता. तिकडे नेणारा सांधा फिरवला की वाघिणी वाळूत जातील. पण तो सांधा आत्ता पॅसेंजरच्या वाटेला लावलेला होता. मास्तरांनी तो निवडला, हुकूम दिला. पडद्यावर त्याच्याभोवती पिवळी चौकट आली आणि कोपऱ्यात घड्याळ उलटं मोजू लागलं.

"बाई, हा फिरत का नाही?"

ती त्यांच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली होती.

"कुलूप लागलंय. गाडीला दिलेला सिग्नल परत घेतला की ठरावीक वेळ सांधा हलत नाही. गाडी थांबू शकली नाही तर ती त्याच सांध्यावर येईल, म्हणून."

"गाडी उभी आहे. मी आत्ता बोललो त्याच्याशी."

"ते तुम्हाला माहीत आहे. यंत्रणेला एवढंच कळतं की रुळावर गाडी आहे. उभी की धावती, ते नाही कळत."

"मग तिला सांगा. तुम्हीच केलीय ना ही?"

"सांगायला जागाच ठेवलेली नाही, मास्तर."

जागा ठेवलेली नव्हती, कारण ती ठेवू नये असं तिनंच लिहिलं होतं. आणि ते लिहिताना तिच्या डोळ्यांपुढे एकच माणूस होता. तिचे बाबा केबिनमन होते. ती लहान असताना एका दुपारी वरिष्ठांनी त्यांना फोन केला की प्लॅटफॉर्म दुसऱ्या गाडीला द्यायचाय, आधीच्या गाडीचा सिग्नल परत घे. बाबांनी सिग्नल परत घेतला आणि घाईनं लागलीच सांध्याचा खटका ओढला. येणारी गाडी थांबू शकली नाही. पुढचे डबे एका रुळावर गेले, मागचे दुसऱ्या, आणि माणसं मेली. त्यानंतर बाबांना सामानाच्या गोदामात बसवलं गेलं, आणि सिग्नल परत घेतल्यावर वाट पाहायचा नियम आला. आधी तो भिंतीवरच्या पाटीवर होता, मग केबिनमधल्या घड्याळात, मग तारांमध्ये आणि शेवटी तिच्या हातून संगणकात. बाबा पुन्हा कधी गाडीत बसले नाहीत. नातेवाइकांकडे जायचं तर आई एकटी जायची.

वरून दुसरा तुकडा लाल झाला, मग तिसरा. प्रत्येक तुकडा आधीच्यापेक्षा लवकर.

"त्या खोलीत कुणाला पाठवून हातानं फिरवता येईल?"

"हाताच्या दांड्याची किल्लीही याच कुलपात आहे. आणि तिथे आहे कोण?"

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. शिक्षकानं उत्तर येत असलेल्या मुलाकडे पाहावं, तसं ते बघत होते. अजून थोडा वेळ दिला की ती सांगेल, असं. तिला ती नजर सोसवेना. तिनं रेडिओ उचलला.

"मी सिग्नलची बाई बोलतेय. खाणीच्या भरल्या वाघिणी सुटल्यात, तुझ्या रुळावर येतायत. गाडी मागे घेता येईल?"

मागून माणसांचा गलका ऐकू येत होता.

"दारादारात माणसं आहेत, बाई. पेट्या घेऊन चढतायत. मागे ढकलली तर चाकाखाली जातील. सांधा फिरवा ना वाळूकडे."

"फिरत नाहीये."

"बरं," तो म्हणाला. बस मिळाली नाही तर चालत जाईन, असं सांगावं इतक्या साधेपणानं. "मग माणसं उतरवतो."

हॉर्न सुरू झाला. तो रेडिओतून खोलीभर भरला आणि थांबेचना. त्यानं हॉर्न कशानं तरी दाबून ठेवला होता, कारण त्याचा स्वतःचा आवाज आता दुरून येत होता. खाली उतरा, सामान राहू द्या, उतरा म्हणतो ना. कुणीतरी त्याला विचारत होतं की ही गाडी रद्द झाली का. दुसरी एक बाई म्हणत होती, आम्ही आत्ताच तर चढलो.

घड्याळ मोजत होतं. ती मनात हिशेब करत होती आणि हिशेब जमत नव्हता. तो आधीपासूनच जमणारा नव्हता. वाघिणींचा वेग तिला पडद्यावरून कळत होता. तरी ती पुन्हा पुन्हा करत होती. मास्तर सांध्यावर माऊस दाबत होते. दर वेळी पिवळी चौकट तशीच. शेवटी तिनं त्यांच्या हातावर हात ठेवला.

"थांबा, मास्तर."

"थांबून काय करू मग?"



सांध्याचा तुकडा लाल झाला तेव्हा घड्याळात अजून थोडं शिल्लक होतं. आता वाघिणी सांध्यावरच होत्या. आता तो कुणालाच हलवता येणार नव्हता. मग हॉर्न थांबला. आणखी काही ऐकू आलं नाही, कारण रेडिओच बंद पडला होता.

बहुतेक माणसं उतरली होती. पुढच्या डब्यात एक म्हातारी होती, तिला पायऱ्या उतरायला जमत नव्हतं. तिचा जावई तिला धरून होता आणि भोंगा तिला उचलायला आत गेला होता. ती तिघं गेली.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा बाबा टीव्हीसमोर होते, पण टीव्ही बंद होता. बातमी त्यांनी ऐकली होती. तिनं चपला काढल्या आणि त्यांच्याजवळ जमिनीवर बसली.

"तू होतीस तिथे?"

"होते."

"काय केलंस?"

"बघत होते, बाबा."

त्यांनी हातातला रिमोट बाजूला ठेवला. मग म्हणाले, "सांधा हलला नाही ना?"

"नाही."

"हलायलाच नको होता," ते म्हणाले. आणि हे बोलून त्यांचा चेहरा असा काही वाकडा झाला की तिनं मान फिरवली. तेच वाक्य ऐकण्यासाठी तिनं आयुष्याची इतकी वर्षं या कामात घातली होती. आता ते ऐकताना तिला वाटलं, त्यांनी ते गिळून टाकलं असतं तर बरं झालं असतं.

चौकशी रीतसर झाली. यंत्रणेत दोष नव्हता. मास्तरांचा दोष नव्हता. खाणीतल्या शंटिंगवाल्यानं ब्रेक आवळला होता, पण चाकाला धरणारा त्याचा ठोकळाच झिजलेला होता. ठोकळा बदलायची तक्रार त्यानं तोंडी केली होती, ती कुणाकडे केली ते त्याला आठवेना. समितीच्या अध्यक्षांनी तिला विचारलं, "आणीबाणीसाठी नियंत्रकाला हे कुलूप उघडायची मुभा द्यावी का?"

"त्या दिवशी मुभा असती तर तिघं वाचली असती," ती म्हणाली.

"मग द्यावी?"

तिला ती केबिन आठवली, तो फोन, घाईत ओढलेला खटका. त्या दिवशीही केबिनमधल्या माणसाला सगळं ठाऊक आहे असंच वाटलं होतं.

"नाही," ती म्हणाली. "खाणीच्या तोंडाशी गाडी रुळावरून उतरवणारा सापळा टाका. सुटलेली वाघीण मुख्य रुळावर यायलाच नको."

"तो प्रस्ताव पूर्वीही होता."

"हो. मीच पाठवला होता."

अध्यक्षांनी मान हलवली. पुढच्या साक्षीदाराला बोलावण्यात आलं.

भोंग्याच्या बायकोकडे ती न सांगता गेली. दोन खोल्यांचं घर होतं. दाराशी त्याचे कामाचे बूट तसेच होते. बायकोनं तिला बसायला खुर्ची दिली, स्वतः पलंगाच्या कडेला टेकली.

"तुम्ही शेवटी बोललात ना त्यांच्याशी?"

"हो."

"घाबरले होते का?"

"नाही. बरं म्हणाले, माणसं उतरवतो म्हणाले."

बायकोनं ते दोन-तीनदा स्वतःशी पुटपुटलं. मग म्हणाली, "लोक सांगतात, एक बटण असतं तर झालं असतं. खरं आहे?"

"खरं आहे."

"आता ते बसवणार का?"

इथे काहीतरी वेगळं बोलता आलं असतं. ती वाटभर तेच ठरवत आली होती.

"नाही. मीच नको म्हणाले."

बायकोनं तिच्याकडे पाहिलं. ती आरडाओरडा करेल, निघून जा म्हणेल, असं तिला वाटत होतं आणि तसं झालं असतं तर तिला सोपं गेलं असतं. पण ती नुसती बघत राहिली, जणू परक्या भाषेत काहीतरी सांगितलंय आणि समजून घ्यायचा प्रयत्न चाललाय.

"का?" बायकोनं विचारलं.

तिनं सांगितलं. सिग्नल, गाडी, थांबण्याचं अंतर, बाबांची केबिन, मेलेली माणसं. जमेल तितक्या साध्या शब्दांत. सांगून झालं तेव्हा बायको म्हणाली, "म्हणजे तुमचंही बरोबर आहे."

"हो."

"आणि यांचं? यांचं काय चुकलं?"

बाहेर कुणीतरी हाक मारली, पाणी गेलंय का म्हणून विचारलं. बायको उठून दाराशी गेली, नाही म्हणाली, परत येऊन बसली. दोघी तशाच बसून राहिल्या.