बरणीतलं मीठ

रविवारी मेहुणी जेवायला येणार हे कळलं आणि कंपाउंडरला धास्ती बसली. फोन बायकोने घेतला होता, आणि ठेवला तेव्हा ती हसत होती. आजारपणानंतर तिला असं मनापासून हसताना त्याने पाहिलं नव्हतं, म्हणून तोही हसला. पण त्याचं हसू तोंडापुरतंच होतं.

तसा तो आता कंपाउंडर राहिला नव्हता. डॉक्टर गेले, दवाखान्याची पाटी उतरली, तिथे चष्म्यांचं दुकान आलं. तरी गल्लीने त्याला दुसरं नाव काही दिलं नाही. सारा जन्म त्याने काचेच्या पेल्यात औषधं मोजण्यात आणि कागदाच्या पुड्या बांधण्यात घालवला होता. चहात साखर घालतानासुद्धा तो चमच्याच्या डोक्यावरचा ढीग बोटाने सपाट करायचा. बायको त्याला म्हणायची, अहो, चहा आहे तो, खोकल्याचं औषध नाही.

ती स्वतः सगळं हाताच्या अंदाजाने करायची. अंदाज तरी कसला, हात भांड्यावर गेला की बोटं आपोआप थांबायची. तिच्या धाकट्या बहिणीचं नेमकं उलटं होतं. धाकटी पुस्तकात बघितल्याशिवाय अंडंही उकडत नसे, आणि ते बिनदिक्कत सांगतही असे. तिनेच एकदा ताईला पाककृतींचं एक जाडजूड पुस्तक भेट दिलं होतं, पानापानावर रंगीत फोटो असलेलं. ताईने ते कौतुकाने घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून भाताच्या भांड्याचं झाकण वाफेने उडू नये म्हणून त्यावर ठेवायला लागली. पुस्तकाचा पुठ्ठा वाफ खाऊन खाऊन फुगला होता. धाकटीने ते पाहिल्यावर दोन वर्षं टोमणे मारले, पण तेही प्रेमाचेच.

या पुस्तकावरून नवरा-बायकोत कैक भांडणं झाली होती, आणि दोघांनाही त्यात मजा यायची. तो म्हणायचा, माप आहे म्हणून जग चाललंय, उद्या मी अंदाजाने औषध द्यायला लागलो तर गल्ली रिकामी होईल. ती म्हणायची, त्या पुस्तकातली बाई माझ्या शेगडीची आच बघायला येणार आहे का? आणि चिमूटभर मीठ म्हणजे कुणाची चिमूट, तिची की माझी? एवढं बोलून ती त्याच्यापुढे ताट सरकवायची, आणि पहिल्या घासालाच कंपाउंडरची बाजू पडायची.

मग तो ताप आला. बरेच दिवस अंगात मुरून राहिला आणि जाताना तिचा वास आणि चव दोन्ही घेऊन गेला. मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. हळूहळू म्हणजे कधी ते काही त्यांनी सांगितलं नाही. तिला लिंबू आणि साबण सारखेच लागायला लागले. कांदा करपला तरी तिला धूर दिसल्यावरच कळायचं.

तरी ती ओट्यापाशी उभी राहिलीच. म्हणाली, हाताला कुठे ताप आला होता? आणि खरोखरच पहिले काही दिवस ठीक गेले. मग एकदा सूप इतकं खारट झालं की चमचा तोंडाजवळ नेववेना. मीठ घातलं होतं हे ती विसरली होती, आणि चाखून कळायची सोय नव्हती, म्हणून पुन्हा घातलं होतं. कंपाउंडर तेव्हा खरं बोलला. खरंच बोलायचं, अशी त्याची समजूत होती. तिने पळी खाली ठेवली, गॅस बंद केला आणि खिडकीशी जाऊन बसली. पुढचे कितीतरी दिवस ती ओट्याकडे फिरकली नाही. त्याने आणलेला पाव चहात बुडवून खायची आणि पाखराएवढं खाऊन उठायची. एकदा नुसतंच म्हणाली, "आता माझा घरात उपयोग काय?"

पुस्तकावरून कर, मी मापं काढून देतो, असंही त्याने सुचवून पाहिलं. तिने त्याच्याकडे असं पाहिलं, की पुन्हा तो विषय काढायची त्याची छाती झाली नाही.

तेव्हा कंपाउंडरने जे केलं ते फक्त एखादा कंपाउंडरच करू शकतो. दवाखान्यात काही माणसं अशी यायची, ज्यांना काळजीपलीकडे काही झालेलं नसायचं. डॉक्टर आतून हाक मारायचे, यांना साधी पुडी द्या. साधी पुडी म्हणजे औषध नसलेली पुडी. तो ती तितक्याच गांभीर्याने बांधायचा, जेवणानंतर घ्या म्हणून बजावायचा, आणि माणसं खडखडीत बरी व्हायची. आपल्या हातून कुणी फसलं असं त्याला कधी वाटलं नाही. उलट त्याला त्याचा अभिमान होता.

त्याने तांदूळ मिक्सरमधून काढले, ती भरड दोनदा चाळली, मिठाच्या दाण्याएवढी तेवढी ठेवली आणि ओट्यावरच्या मिठाच्या बरणीत भरली. खरं मीठ गेलं त्याच्या जुन्या पेटीत, तराजूशेजारी. रोज सकाळी आज काय करणार हे तो सहज विचारल्यासारखं विचारायचा, मनातल्या मनात माप काढायचा आणि मिठाची पुडी बांधून सदऱ्याच्या खिशात टाकायचा. ती बरणीतून एकदा घालो की तीनदा घालो, काही बिघडत नसे. रस्सा जरासा दाट व्हायचा, एवढंच. शेवटी ती चमचा त्याच्यापुढे धरायची. तो तिला वाटी आणायला नाहीतर दार बघायला पाठवायचा, पुडी सोडायचा, ढवळायचा आणि ती परत आली की चाखून म्हणायचा, छान झालंय.

त्या शब्दासरशी तिचा चेहरा उजळायचा. त्या चेहऱ्यासाठी त्याने गिरणीभर तांदूळ दळले असते.

रविवारचा बेत ती पूर्ण आठवडाभर करत होती. खायची गोडी गेली होती, बेताची नव्हती. सकाळी कोंबडी भाजायची ठरायची, दुपारी तिच्या जागी मासे यायचे, संध्याकाळी पुन्हा कोंबडी. घेवड्याचं सूप ठरलं, बटाटे ठरले, शेवटी दुधातला गोड भात ठरला. मध्येच ती थांबायची आणि म्हणायची, धाकटीला सांगायचं नाही हं काही. तिला कळलं तर पुस्तक घेऊन माझ्या बोकांडी बसेल. कंपाउंडरने शपथ घेतली. एका जेवणात एवढे पदार्थ म्हणजे खिशात किती पुड्या, याचाच तो हिशेब करत होता. झाकणावरचं ते पुस्तक गुपचूप आतल्या खोलीत नेऊन त्याने पाहुण्यांच्या बेताची मापंही तपासून घेतली.

रविवारी सगळं जमून आलं. सुपाची पुडी सुपात गेली, कोंबडीची कोंबडीला लागली, बटाट्यांच्या वेळी बायको केस नीट करायला आत गेली. पाहुणे आले तेव्हा शेवटचं पातेलं उतरलं होतं आणि कंपाउंडरचा जीव भांड्यात पडला होता. तो साडूबरोबर बाहेरच्या खोलीत बसला. साडू मुळात कमी बोलणारा, त्यामुळे आतलं सगळं ऐकू येत होतं. दोघी बहिणी हसत होत्या. धाकटी म्हणत होती, पुस्तक अजून झाकणावरच का गं, निदान वाफेवर तरी शिजलं असेल आतापर्यंत. मग म्हणाली, मी काही आयतं बसून खाणार नाही, काकड्या दे, मी चिरते.

कंपाउंडर उठेपर्यंत उशीर झाला होता. तो स्वयंपाकघराच्या दारात पोचला तेव्हा धाकटी काकडीच्या फोडींवर बरणीतलं मीठ भुरभुरवत होती. तिने एक फोड खाल्ली, पुन्हा भुरभुरवलं, पुन्हा खाल्ली. मग बरणीत बोट घालून चाटलं.

"ताई, हे मीठ नाही."

बायको पुढे आली. तिने बरणीतली चिमूट उचलून जिभेवर ठेवली. ठेवून काय कळणार होतं? तिला मीठ काय आणि माती काय. तेव्हा तिने पेलाभर पाणी घेतलं, त्यात बरणीतला चमचा उलटा केला आणि ढवळलं. पाणी पांढुरकं झालं आणि दाणे तळाशी जाऊन बसले. ती पेला उजेडात धरून पाहत राहिली.

"तांदळाची भरड आहे ही," धाकटी म्हणाली. "कुठला गं तुझा दुकानदार? चल, मी येते आणि सुनावते त्याला चार शब्द."

बायकोने पेल्यावरून नजर उचलली आणि दाराकडे पाहिलं. बरणी भरायचं काम घरात एकच माणूस करत होता. कंपाउंडरचा हात नकळत खिशाकडे गेला. खिशात आता रिकामे कागद होते. ते कुरकुरले, आणि ते तिला ऐकू गेलं असं त्याला वाटलं.

"हो," ती बहिणीला म्हणाली. "तो दुकानदार तसलाच आहे."

मग सगळे जेवायला बसले. साडूने न बोलता दोनदा सूप घेतलं. धाकटीने कोंबडीचा पहिला तुकडा तोंडात टाकला आणि मान हलवली. ती फटकळ होती, पण जे चांगलं त्याला चांगलं म्हणायची. म्हणाली, ताई, माझी पुस्तकं एकीकडे आणि तुझा हात एकीकडे. इतक्या वर्षांत मिठाचा एक कण इकडे नाही की तिकडे नाही. बायको म्हणाली, अजून घे ना. तिने सगळ्यांना आग्रह करकरून वाढलं, बहिणीला गोड भात डब्यात भरून दिला, दोघांना कोपऱ्यापर्यंत सोडून आली. ती स्वतः काय जेवली ते कंपाउंडरने पाहिलं नाही. त्याची मान ताटातून वर झालीच नव्हती.

भांडी घासताना ती पाठमोरी होती. ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडण्याला उत्तर त्याच्याजवळ तयार होतं: तुझ्यासाठी केलं, तू खिडकीशी बसून राहायचीस ते मला बघवेना. पण तिने एवढंच विचारलं, केव्हापासून? त्याने सांगितलं. सूप खारट झालं होतं तेव्हापासून, आणि रोज.

नळ तसाच वाहत होता. तिने तो बंद केला.

"बोटांना वेगळं लागायचं ते," ती म्हणाली. "हवा दमट असली की मीठ चिकटतं. सगळ्यांच्या घरी चिकटतं. मला कोरडंच लागायचं. रोज लागायचं. मला वाटलं, जीभ गेली तसा आता हातही गेला."

"अगं, मग बोलायचंस ना."

"तुम्ही एवढं छान म्हणायचात. म्हटलं, अजून जमतंय तोवर कशाला तुम्हाला घाबरवा." तिने ओला हात पदराला पुसला आणि बोटं एकमेकांवर घासून पाहिली. "हात चांगला होता हो माझा."

 दवाखान्यातली ती माणसं त्याला आठवली, साधी पुडी घेऊन बरी होऊन गेलेली. त्यांच्यातलं कुणी एक दिवस परत येऊन असं समोर उभं राहील, हे त्याच्या मनात कधीच आलं नव्हतं. त्याला रडू आलं आणि ते त्याने लपवलं नाही. तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. राग तिला आला नव्हता, आणि त्याचंच त्याला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी बरणीत त्याने खरं मीठ भरलं. तिने त्या बरणीला हात लावला नाही. झाकणावरचं पुस्तक तिने उतरवलं, फडक्याने पुसलं, त्याची एकमेकांना चिकटलेली पानं सुरीच्या टोकाने हळूच सोडवली आणि ते ओट्यावर भिंतीला टेकवून उभं केलं. मग त्याच्या पेटीतून मापाचे चमचे मागून घेतले. चष्मा लावून ती एकेक ओळ वाचायची आणि ओळीवर बोट ठेवून तेवढंच घालायची. चमच्याच्या डोक्यावरचा ढीग बोटाने सपाट करायची, अगदी तो चहात साखर घालताना करतो तसा. जन्मभर ज्या गोष्टीसाठी तो तिच्याशी भांडला होता, ती आता त्याच्या डोळ्यांसमोर घडत होती, आणि ती थांबवावी असं त्याला वाटत होतं.

जेवायला बसल्यावर तो वाट पाहत राहिला. पूर्वी या वेळेपर्यंत तिने चमचा पुढे धरलेला असायचा. आता ती शांतपणे स्वतःच्या ताटात वाढून घेत होती. त्याने घास घेतला. मीठ बरोबर होतं, आंबट बरोबर होतं, सगळं जिथल्या तिथे होतं. या वेळी खोटं बोलावं लागणार नव्हतं, म्हणून तो घाईघाईने आणि जरा मोठ्यानेच म्हणाला,

"छान झालंय."

तिने मान वर केली नाही.

"हो," ती म्हणाली. "पुस्तकात तसंच लिहिलंय."