वहीतली दुर्गाबाई

जठारपेठेमागच्या त्या दोन खोल्यांत मनकर्णा आणि तिची सासू चतुराबाई अशा दोघीच राहत. तिसरी दुर्गाबाई, ती नव्हतीच.

चौसष्ट साली भूमिहीनांचा सत्याग्रह सुरू झाला. मनकर्णाचा नवरा श्रावण अमरावतीकडे गावोगाव माणसं गोळा करत फिरे. त्याच्या नावाचं वॉरंट निघालं होतं. म्हणून घरात एक बोली ठरली. श्रावणने बाहेरून विचारायचं, "दुर्गाबाई हाय का?" आतून "मेली" आलं तर खुशाल घरात यायचं. "हाय" आलं की आत पोलीस, पळायचं.

एकदा त्याने विचारलं तेव्हा खाटेवर खुद्द जमादार बसले होते.

"हाय!" मनकर्णा ओरडली. पावलं दूर गेली.

"कोन होता?"

"दूधवाला."

"अन् दुर्गाबाई?"

"मावससासू. निजली हाय आत."

"वय?"

"साठ."

जमादारांनी वहीत लिहून घेतलं. आत जाऊन पाहिलं नाही. लिहिल्यावर पाहायचं काय?

महिन्याभरात त्या वहीवरून रेशनकार्डावर दुर्गाबाईचं नाव चढलं. साखर वाढली. दोघींनी ती चहात घालून संपवली.

भुतंखेतं चतुराबाईने छप्पन सालीच, बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा, देवांबरोबर नदीत सोडली होती, त्यामुळे भ्यायचा प्रश्न नव्हता. तरी ती तिसरी ताटली मांडू लागली.

"काहून, आत्याबाई?"

"तिच्या वाटची साखर खाऊन राहिलो ना आपन? मंग भाकर तरी देऊ तिले. भूत नोहे ते. भुताले रेशन भेटते का?"

मनकर्णा हसली. ताटली उचलताना मात्र तिचं हसू जिरलं. भाकरीच्या कडेला दातांचे ठसे होते. चतुराबाईच्या तोंडात एकही दात नव्हता.

दोन महिन्यांनी, दिवेलागणीला, दाराबाहेर ओळखीचा खोकला आला. गल्लीत पोलिसाचा मागमूस नव्हता. चतुराबाई समोरच कंदिलाची काच पुसत बसली होती.

"दुर्गाबाई हाय का?"

मनकर्णाने तोंड उघडलं. पण आतल्या खोलीतून, झोपमोड झाल्यासारखा, म्हातारा आवाज आला,

"हाय नं."

बाहेर पावलं पळाली. मनकर्णा दारात धावली. "मेली! अहो, मेली ते!"

गल्लीतली दारं उघडली. श्रावण तेवढा वळला नाही.

शेजारची मैनाबाई पदर सावरत आली. "कोन मेली वं?"

"कोनीच नाही," आतल्या खोलीतून उत्तर आलं.