राखेने घासलेला आरसा

मित्रांनो, माझा जन्म एका लोखंडी पिंपावर झाला. प्रेसमधली नोकरी संपल्यावर शेखररावांनी नाशिक रोडच्या घरातल्या गॅलरीत ते पिंप उभे केले, त्यावर एक काच ठेवली आणि ते पिंपाभोवती फिरत तिच्यावर सहा इंच व्यासाची दुसरी जाड काच घासू लागले.

"शेखरराव, या प्रदक्षिणा कुठल्या देवाला?" शेजारी विचारत.

चार महिन्यांनी वरच्या काचेला नेमका खोलगटपणा आला. तिच्यावर ॲल्युमिनियमचा मुलामा चढला, तिचा आरसा झाला आणि मी, एक दुर्बीण, जगात आले.

शहरातले दिवे वाढले, तसे मला दिसेनासे झाले. मग शेखररावांनी मला दिंडोरीजवळच्या द्राक्षांच्या गावी, त्यांच्या लेकीच्या सासरी पाठवले. तेजस्विनी तिथल्या शाळेत विज्ञान शिकवते. मृग नक्षत्रातला तेजोमेघ मुलांना दाखवायचाच, असे तिने ठरवले होते.

त्याच वर्षी खंडेनवमी आली. फवारणीचा पंप, छाटणीच्या कात्र्या, कोयते, सगळी अवजारे पूजेसाठी घासून निघाली. तेजस्विनीच्या सासूबाई लताबाई यांना वाटले, सुनेचे अवजार तेवढे धुळकट का राहावे? त्यांनी माझे तळाचे स्क्रू काढले आणि आरसा राखेने, नारळाच्या शेंडीने खसाखसा घासला. मग मोठ्या प्रेमाने हळदकुंकू वाहिले.

तेजस्विनी आरशाकडे बघतच राहिली. "आई, मुलामा गेला हो सगळा."

"मी तर चकाकी आणाया गेले गं," लताबाई पुटपुटल्या. त्या दिवसापासून त्या माझ्या जवळ फिरकल्या नाहीत.

आरसा पुण्याला गेला आणि नवा मुलामा लेवून परत आला. काचेवरचे बारीक ओरखडे मात्र राहिले. शेखरराव फोनवर म्हणाले, "आकार शाबूत आहे ना? मग थोडा प्रकाश वाया जाईल, एवढंच." पण खात्री कुणालाच नव्हती.

त्यात चौकातल्या हायमास्ट दिव्याचा उजेड. तेजस्विनीने तो विझवायची विनंती केली, तेव्हा सरपंच चंदरभाऊ म्हणाले, "एक संध्याकाळ बंद ठेवतो, मॅडम. काही दिसलं नाय, तर पुन्हा हा विषय नाय काढायचा."

जानेवारीतल्या अमावस्येला साडेसात वाजता हायमास्ट विझला. अख्खा गाव शाळेच्या मैदानात जमला. तेजस्विनीने मला मृगाच्या बाणाखाली रोखले आणि सासूबाईंचा हात धरला. "आई, पहिल्या तुम्ही."

लताबाईंनी डोळा लावला आणि झटकन मागे सरल्या. "राखाडी डाग हाय गं! माझ्याच राखेचा!"

चंदरभाऊंनी घसा खाकरला.

"पुन्हा बघा," तेजस्विनी म्हणाली आणि तिने माझी नळी हळूच सरकवली. "डाग काय करतोय?"

"ताऱ्यांसंगं चाललाय."

"आणि डागात काय आहे?"

"चार बारके तारे. जवळजवळ."

"आरशावरचा डाग असता, तर ताऱ्यांबरोबर सरकला नसता, आई. हा हायड्रोजनचा ढग आहे. याच्यात तारे जन्माला येतात. हे चार त्यातलेच, ताऱ्यांच्या मानानं पाळण्यातले. त्यांच्याच तेजानं ढग उजळलाय. फोटोत तो लाल दिसतो, पण इतक्या मंद उजेडात आपल्या डोळ्याला रंग कळत नाही. तेराशे वर्षांपूर्वी निघालेला उजेड बघताय तुम्ही!"

लताबाईंनी पुन्हा डोळा लावला, तो काढेचनात.

"काकू, आता आम्हाला बघू द्या की!" चंदरभाऊ ओरडले.

"थांब रे चंदर, बाळंतिणीच्या खोलीत घाई नसती करायची!"

मैदानभर हशा पिकला. चंदरभाऊ मात्र आपली पाळी आल्यावर हसले नाहीत. बराच वेळ पाहून ते म्हणाले, "मॅडम, दर अमावस्येला दोन तास दिवा बंद. ठरलं."

मित्रांनो, माझ्या ओरखड्यांची मला लाज वाटत नाही. माझी एकच विनवणी आहे. दुर्बिणीची काळजी घ्यायची म्हणून आरसा घासत बसू नका. थोडी धूळ मला चालते. मला झाकून ठेवा, आणि अंधार पडला की बाहेर काढा.