कुशावर्ताचा डोहाळा

सातवा महिना लागला तरी कुशावर्ताला एकही डोहाळा लागला नाही, म्हणून तलवाड्यात दूध सोसायटीचे चेअरमन मोहनराव यांच्या घरी हलकल्लोळ माजला. सुनेला झोप नाही, भाकरी पुढ्यात घेऊन ती रडत बसते, याचं कुणाला काही नाही. बाईच्या पोटाची चौकशी सगळं गाव करतं, पोटाच्या वरचं कुणी विचारत नाही.

साल दुष्काळाचं. जनावरं छावणीत, माणसं टँकरमागं. तरी मोहनरावांनी सोसायटीचा टेम्पो कैऱ्या शोधायला पिटाळला. सासू भिवराबाईनं चिंच, बोरं, भाजकी माती, सगळं पुढ्यात मांडलं.

"खा गं माय. डोहाळा राहिला तर लेकराची लाळ गळती."

"आत्याबाई, कायबी नको. सकाळी उठूच नये वाटतंय."

"उठू नको की! पर खा."

तपासायला आलेल्या नर्स रहेमतबीनं मात्र नीट ऐकलं. "चेअरमनसाब, पोरीचं मन आजारी हाय. पोटुशी बायांना व्हतं असं. बीडला मनाची डॉक्टरीण हाय, दावून आणा."

"येड्याच्या डॉक्टरकडं? माझी सून? इलेक्शन तोंडावर हाय, बाई!"

नवरा उत्तरेश्वर बापापुढं तोंड उघडायचा ते फक्त जांभई द्यायला.

डोहाळजेवणाला गल्लीतल्या बाया जमल्या. म्हातारी चंद्रभागाबाई म्हणाली, "माग पोरी, काय पायजे ते. चेअरमन न्हाई म्हणायचे न्हाईत." दारात मोहनरावांची छाती फुगली.

आज गप्प बसलो तर आपण काही वाचत नाही, हे कुशावर्ताला कळत होतं.

"मला बीडची मनाची डॉक्टरीण पायजे."

"असला डोहाळा असतो व्हय?" मोहनराव गरजले.

"माती चालती, मग डॉक्टरीण कावून चालंना?" चंद्रभागाबाई कडाडली. "नातवाची लाळ तुमी पुसत बसणार का?"

दुसऱ्या दिवशी कुशावर्ता, उत्तरेश्वर आणि मोहनरावांना घेऊन टेम्पो बीडला निघाला. गेवराईत भेटेल त्याला मोहनराव न विचारताच सांगत होते, "काय न्हाई, डोहाळा हाय!"

"काय त्रास होतोय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"त्रास कायच न्हाई," मोहनराव म्हणाले. "हिला तुमचा डोहाळा लागलाय."

"तुम्ही बाहेर बसा."

चेअरमनला आजवर कुणी बाहेर बसवलं नव्हतं. ते बसले.

आत डॉक्टरीणबाई पेन खाली ठेवून थांबल्या.

"मला माझ्याच लेकराचं भ्या वाटतंय," कुशावर्ता म्हणाली, आणि मग थांबलीच नाही.

तासाभरानं मोहनरावांनी उत्तरेश्वरला कोपरानं ढोसलं. "आत एवढा येळ काय खातीय बे ती?"