जाताना पाऊण तास

मी सोंड बोलतेय. छोट्या विमानतळावर धावपट्टीच्या कडेला, उंच खांबावर फडफडणारी केशरी-पांढरी कापडी पिशवी असते ना, तीच मी. वारा कुठून कुठे चाललाय हे वैमानिकाला दाखवणं माझं काम. आणि खरं सांगू? मला वाऱ्याचीच भीती वाटते.

पहिल्याच वादळात मी तोंडाशी उसवले. इथला आगीचा बंब सांभाळणाऱ्या बंबवाल्याची बायको शिवणकाम करते. तिने मला मांडीवर घेऊन दुहेरी टाके घातले. "एवढं काय घाबरायचं गं?" म्हणाली. तेवढा वेळ मी अगदी शांत होते.

गेल्या हिवाळ्यात ती बाळंत झाली. मुलगी सुखरूप, पण आईचं रक्त थांबेना. तिच्या गटाचं रक्त फक्त डोंगरापलीकडच्या शहरात होतं. ते आणायला दुपारी एक चिमुकलं विमान गेलं.

"जाताना पाऊण तास, येताना पाऊण तास," तिकीट खिडकीवरचे काका बंबवाल्याला म्हणाले. "अंतर काय वाढतंय थोडंच! उजेड आहे तोवर येतंय बघ."

काका रोज प्रवाशांना हेच सांगतात. मोठ्या विमानाला ते चालून जातं. पण माझं शेपूट त्या शहराकडे ताठ झालं होतं. म्हणजे जाताना वारा पाठीशी, येताना तोंडावर! आमच्या धावपट्टीला दिवे नाहीत. अंधार पडला की विमान आल्या वाटेने परत जातं.

वेळ उलटून गेली. आभाळ रिकामंच. विमान उतरताना बंब तयार ठेवायची पाळी त्याचीच, म्हणून बंबवाल्याला दवाखान्यातही जाता येईना.

"काका, कुठे राहिलं हो?"

काका वेळापत्रक उलटून बघू लागले. बंबवाल्याने मान वर केली आणि मला पाहिलं.

"अहो, सोंड बघा! वारा अंगावर घेत येतंय ते." त्याने लगेच दवाखान्यात फोन लावला. "डॉक्टर, उशीर होणार. तोवर काहीही करा, पण तिला सांभाळा."

मग त्याने बंब वळवला आणि त्याच्या दिव्याचा झोत माझ्यावर रोखला. संधिप्रकाशात वैमानिकाला मी दिसायला हवी होते. वारा पिसाळला होता. माझं कापड मागून टरटरत फाटत चाललं होतं. तोंडाशी फक्त तिचे टाके उरले होते. मी जीव मुठीत धरून त्यांनाच लटकून राहिले. ते सुटले असते तर?

सुटले नाहीत. शेवटच्या उजेडात विमान टेकलं.

आता खांबावर नवी सोंड आहे. मी बंबाच्या खोलीत खुंटीवर असते. परवा बंबवाल्याची बायको आली, अजून फिकुटलेली, कडेवर लेक. दारातून झुळूक आली तशी पोर भोकाड पसरून रडली.

"वाऱ्याला घाबरते हो ही," बंबवाला म्हणाला.

तिने माझे टाके चाचपून पाहिले आणि हसली. "घाबरू दे. सोंडेच्या वळणावर गेलीय."

तेवढं एक ऐका माझं. जाताना लागला तेवढाच वेळ येताना लागेल, असं वाट पाहणाऱ्या माणसाला सांगू नका. आधी मान वर करून खांबाकडे बघा. तिथे कुणीतरी घाबरून थरथरत असेल, तिला विचारा.